शहाण्या कुमारींचे तेल



9 एप्रिल 2023 हा पुनरुत्थानाचा रविवार होता. सकाळी आपण मिस्साला जमलो, एकमेकांना शुभेच्छा दिल्या, दुपारी घरोघरी गोडधोड झाले. त्याच संध्याकाळी अकोला जिल्ह्यातील पारस येथे बाबूजी महाराज मंदिराच्या आवारात भाविक आरतीसाठी जमले होते. वादळ आले, पाऊस आला. माणसे जवळच्या टिनाच्या शेडखाली उभी राहिली. शेडलगतचे निंबाचे जुने, भले मोठे झाड मुळासकट उन्मळून त्या शेडवर कोसळले. सात जण दगावले, अनेक जखमी झाले.

ही बातमी आली तेव्हा आपल्यातल्याच काहींनी मला विचारले होते, "फादर, देवाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांचे असे कसे होते?" मी त्या वेळी नीट उत्तर दिले नाही. सणाचा दिवस होता, मीही थकलो होतो. तो प्रश्न माझ्याकडे राहून गेला आहे. आता पुन्हा मे महिना आहे, दुपारी ऊन आणि चार वाजले की पश्चिमेला काळे ढग, म्हणून आज तो घेतो.

प्रभू येशूच्या काळातही असेच घडले होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहच्या बुरुजाची गोष्ट येते. तो बुरूज पडून अठरा माणसे मेली. लोकांना वाटले, ती जास्त पापी असतील. प्रभूने ते साफ नाकारले. बुरूज का पडला, याचे स्पष्टीकरण मात्र त्याने दिले नाही. त्याने ऐकणाऱ्यांकडेच मोहरा वळवला : त्यांचे सोडा, तुम्ही बदलणार आहात की नाही?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्यापुढे लिस्बनचा भूकंप आला होता. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळची मिस्साची वेळ. चर्चेस भरलेली होती आणि त्यांतली कित्येक भाविकांच्या अंगावर कोसळली. व्हॉल्टेअरने त्यावर कविता लिहून देवाच्या चांगुलपणाचा जणू हिशोबच मागितला. पुढच्या वर्षी रूसोने त्याला पत्र लिहिले. त्यातला एक मुद्दा मला तेव्हा कोरडा वाटला होता, आता तसा वाटत नाही. सहा-सात मजली घरांची एवढी दाटी त्या ठिकाणी निसर्गाने केली नव्हती, ती माणसांनी केली होती, असे रूसोचे म्हणणे होते. म्हणजे भूकंप आपल्या हातात नाही, घर आपल्या हातात आहे. वारा आपल्या हातात नाही, टिनाला मारलेला बोल्ट आपल्या हातात आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती तुमच्यातल्या काहींना माहीत आहे.

आपल्या चर्चच्या आवारात ग्रोटोजवळ निंबाचे झाड आहे आणि त्याला लागून टिनाची शेड आहे. तिथे मे महिन्यात रोज संध्याकाळी आपण पवित्र माळेची प्रार्थना करतो. आपल्या धर्मग्रामातील एक निवृत्त लाईनमन काका मला दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते, "फादर, ह्या खांदीचा काही भरोसा नाही. वावधन आलं का थेट टिनावर येईन." मी म्हणालो, बघू, पावसाळ्यानंतर. नगरपालिकेची परवानगी काढावी लागते, माणसे लावावी लागतात, खर्च आहे. पावसाळा गेला, नाताळ आला, नाताळ गेला, उपवासकाळ आला. मागच्या वर्षी मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास ती फांदी पडली. दोन टिने वाकली, एक बाक मोडला. प्रार्थना साडेसहाला असते. शेडमध्ये कोणी नव्हते.

त्या संध्याकाळी सगळे म्हणाले, देवाने वाचवले. मीही म्हणालो, आणि ते खरेच आहे. पण रात्री झोप आली नाही. फांदी दीड तास उशिरा पडली असती, तर मी काय म्हणालो असतो? देवाची इच्छा? देवाने तर वर्षभर आधी एका लाईनमनच्या तोंडून मला निरोप पाठवला होता.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची चर्चा करताना दूरदृष्टीला त्याचे प्रमुख अंग म्हटले आहे. पुढे काय येणार हे ओळखून आज हात हलवणे, हा त्यांच्या लेखी सद्गुण आहे. आपण त्याला व्यवहार म्हणतो आणि मिस्साच्या बाहेर ठेवतो. माझे तरी तसे झाले होते.

दहा कुमारींचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. पाच शहाण्या, पाच मूर्ख. दिवे दहाही जणींकडे होते. डुलकीही दहाही जणींना लागली, हे आपण विसरतो. फरक फक्त भांड्यातल्या जास्तीच्या तेलाचा होता. वर वेळेवर आला असता तर कोण शहाणी आणि कोण मूर्ख, हे कळलेही नसते.

आपल्या घरांत आज ते तेल कुठे आहे? 2005 नंतरची काही वर्षे आठवा. खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन असे. तेव्हा प्रत्येक घरात कंदील पुसून ठेवलेला असे, काडेपेटी ठरल्या कोनाड्यात असे. वीज गेली तर घर चालायचे. आता दिवे रात्रभर असतात आणि घरात मेणबत्ती शोधावी लागते. वादळाने खांब पडला, चोवीस तास लाईन आली नाही की मोटार बंद, म्हणून टाकी रिकामी. मोबाईल बंद, म्हणून मुलाला निरोप नाही.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी एक साधा हिशोब करावा. नेहमीच्या घरगुती बॅटरीत सुमारे हजार-बाराशे वॅट-तास वापरण्याजोगी वीज असते. तीन जुने पंखे, टीव्ही आणि चार दिवे लावले तर ती तीन-चार तासांत संपते. नऊ वॅटचा एक एलईडी आणि तीस-पस्तीस वॅटचा नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा एवढेच लावले तर रात्र काढून दुसरा दिवसही निघतो. तेल तेवढेच आहे, वात किती मोठी ठेवायची हे आपण ठरवायचे. म्हणून विजेची बचत आणि वादळाची तयारी या मला दोन गोष्टी वाटत नाहीत. ज्या घराला थोडक्यात राहण्याची सवय आहे, तेच घर अंधारात निभावते.

ज्या पारसची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिथेच आपले वीजनिर्मिती केंद्र आहे. 250 मेगावॅटचे दोन संच, रेल्वेने येणारा कोळसा. एका युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो असे धरा. रिकाम्या खोलीत दिवसभर फिरणारा जुना पंखा म्हणजे रोज साधारण एवढा कोळसा. तो धूर वातावरणात जातो, हवा तापते, आणि तापलेल्या हवेत वादळाला बळ मिळते. एका घराचा वाटा त्यात मोहरीएवढा आहे, हे मला कळते. पण मोहरीच्या दाण्याविषयी बोलायला प्रभूला कमीपणा वाटला नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही 2015 साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात नको असलेला दिवा मालवण्यासारखी बारीक कामे प्रेमाच्या कृतींत मोजली आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ज्या घरात एक पंखा आणि दोन बल्ब आहेत, तिथे जाऊन बचतीचे प्रवचन करणे मला शोभणार नाही. आपल्या वऱ्हाडात मे महिन्याचे ऊन चेष्टेचे नाही. मे 2024 मध्ये उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे कलम 144 लावावे लागले होते. आजीचा पंखा बंद करून बिल वाचवू नका. बचत त्यांनी करायची, ज्यांच्याकडे वाया घालवण्याइतके आहे. एसी एक तास चालतो तेवढ्या विजेत कूलर सात-आठ तास चालतो. आणि कूलर लावून खिडक्या गच्च बंद करू नका. हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली फक्त दमट होते. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स रिमोटने नव्हे, बटणाने बंद करा. महिन्याचे युनिट शंभराच्या आत राहिले तर दरही खालचा लागतो, हे बिल पाहणाऱ्या बहिणींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कूलरचे नाव निघाले म्हणून सांगतो, कारण विदर्भात उन्हाळ्यात या कारणाने माणसे जातात, मुलेही जातात. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढा. अर्थिंग तपासून घ्या. ओल्या हाताने, अनवाणी पायाने कूलरला हात लावू नका.

वादळाविषयी. टिनावर दगड आणि जुने टायर ठेवणे बंद करा. वाऱ्याने टिन उचलले की तेच दगड खाली झोपलेल्यांवर येतात. टिने अँगलला हूक-बोल्टने आवळून घ्या, गंजलेले बोल्ट बदला. आकाश भरून आले की बाहेरच्या हलक्या वस्तू आत घ्या, दारे-खिडक्या लावा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती जवळ आहे, पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. शेतात असाल तर झाडाखाली जाऊ नका, एकटे उभे असलेले झाड तर सर्वांत वाईट. मोबाईलवर 'दामिनी' हे ॲप विजेचा इशारा देते, ते आपल्या युवक मंडळाने प्रत्येक घरात घालून द्यावे. तुटलेल्या तारेजवळ स्वतः जाऊ नका, जनावर जाऊ देऊ नका, 1912 वर महावितरणला कळवा. आणि कृपा करून काठी घेऊन डीपीवर फ्यूज टाकायला कोणी जाऊ नये. गल्लीत एक तरी असा शूर असतोच.

ज्यांनी छतावर सोलर बसवले आहे त्यांच्यासाठी एक सूचना : बॅटरी नसलेले साधे सोलर लाईन गेली की आपोआप बंद होते. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला धक्का बसू नये म्हणून तशी व्यवस्था असते. सोलर आहे म्हणून कंदील फेकून देऊ नका.

आधार, रेशनकार्ड, सातबारा, पासबुक आणि बाप्तिस्म्याचा दाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पवित्र मारियेच्या तसबिरीपुढची मेणबत्ती वारा सुटला की विझवा. माता रागावणार नाही. अनेक देशांतल्या कॅथलिक घरांत वादळ आले की झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित पाने जाळतात, संत बार्बराचा धावा करतात. तुमच्या घरात तसे असेल तर जरूर करा, बोल्ट आवळून झाल्यावर.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कुमारींच्या दाखल्यात एक गोष्ट अनेकांना खटकते. शहाण्यांनी तेल वाटून का घेतले नाही? संत ऑगस्टीन यांनी त्या तेलाचा अर्थ प्रेम असा लावला. तो धरला तर उत्तर सापडते : प्रेम मध्यरात्री उसने मिळत नाही, ते आधीपासून साठवावे लागते. आपल्या धर्मग्रामात स्लॅबची घरे आहेत आणि टिनाची घरे आहेत. रविवारी दोन्ही घरांतली माणसे एकाच रांगेत ख्रिस्तशरीर घेतात. वादळाच्या रात्री मात्र टिनाखालच्या माणसाला स्लॅबवाल्यांचे दार ठोठावायला संकोच वाटतो. वस्तीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका मावशींनी मला सांगितले, मागच्या वर्षी त्या रात्रभर पलंगाखाली बसून होत्या. शेजारी दोन पक्की घरे आहेत. दोन्ही आपलीच. मी त्या घरांना दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मीही नव्हते.

म्हणून पॅरिश कौन्सिलशी बोलून असे ठरवले आहे. प्रत्येक स्लॅबच्या घराने जवळचे एक टिनाचे घर आपले मानायचे. ढग दाटले की बोलावणे पक्क्या घराने पाठवायचे, वाट पाहायची नाही. शेजारी कोणत्या धर्माचा आहे, हे विचारायचे नाही. पॅरिश हॉलची एक किल्ली आजपासून सॅक्रिस्टन काकांकडे आणि एक सिस्टरांकडे राहील. वादळात तो सगळ्यांसाठी उघडा असेल. घरांच्या जोड्यांचा कागद मिस्सानंतर दाराशी ठेवला आहे, आज नावे लिहून जा. काही मोठे घडले तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे, तो त्या कागदाच्या वर लिहिला आहे.

निंबाच्या उरलेल्या दोन फांद्यांची परवानगी मिळाली आहे. गुरुवारी सकाळी सात वाजता काम सुरू होईल. लाईनमन काका स्वतः उभे राहणार आहेत. जाड दोरखंड कमी पडतो आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी बुधवारी संध्याकाळपर्यंत आणून द्यावा. झाड पूर्ण तोडणार नाही. ते होईपर्यंत माळेची प्रार्थना शेडमध्ये नव्हे, चर्चमध्ये होईल, अर्धे दिवे लावून.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू