यादी सोपवताना

लासलगावच्या कांद्याचा दर नाशिक जिल्ह्यात नुसता आकडा म्हणून कोणी वाचत नाही. आज ट्रॉली भरायची की चाळीतला माल आणखी आठवडाभर राखायचा, हे निफाड-चांदवडकडचा शेतकरी तो दर पाहून ठरवतो. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समिती, जात, परिमाण, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. असं कोणतंही पान तयार करताना प्रोग्राममध्ये एक ओळ लिहावी लागते. डेटाबेसमधून आलेली यादी कंट्रोलर व्ह्यूच्या हवाली करतो, ती ही ओळ. पान किती खरं बोलणार हे तिथेच ठरतं, असं मला वाटतं.

मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर ही विभागणी नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात मांडली. माणसाच्या मनातलं चित्र आणि यंत्रात साठवलेली माहिती यांतलं अंतर कमी करणं, हा त्यांचा हेतू होता. पुढे रेल्स, लॅरावेल यांच्यासारख्या फ्रेमवर्कमधून वेबवर येताना तिचं रूप बदललं. आता कंट्रोलर माहिती गोळा करतो, व्ह्यू ती मांडतो. हातात आलं नाही ते व्ह्यू दाखवू शकत नाही. त्यामुळे काय सोपवायचं हे ठरवणाराच वाचकाला काय दिसेल हे ठरवत असतो.

पहिला प्रश्न यादीच्या घडणीचा. हंगाम बदलताना पिंपळगाव बसवंतला एकाच दिवशी लाल आणि उन्हाळी असा दोन्ही कांदा येतो. प्रोग्रामरने सोयीसाठी बाजाराच्या नावाला दर जोडून डिक्शनरी पाठवली, तर एका नावाला एकच जागा मिळते. उन्हाळीची नोंद आली की लालची पुसली जाते, आणि एररही येत नाही. पान नीटनेटकं दिसतं, पण लाल कांदा घेऊन निघालेला माणूस उन्हाळीचा दर वाचत असतो. इथे साध्या ओळींची लिस्टच हवी. प्रत्येक ओळीत बाजार, जात, तारीख, आवक आणि तिन्ही दर एकत्र असावेत.

दुसरा प्रश्न सरासरीचा. समजा, एका बाजारात आवक १०० क्विंटल आणि दर १,००० रुपये, दुसऱ्यात आवक ९०० क्विंटल आणि दर २,००० रुपये. दोन्ही दरांची बेरीज निम्मी केली तर १,५०० येतात. आवकही हिशेबात धरली तर १,९००. वीस क्विंटल मालावर हा फरक ८,००० रुपयांचा होतो. कंट्रोलरने दर पाठवले आणि आवक मागे ठेवली, तर व्ह्यूला खरी सरासरी काढताच येणार नाही. असा हिशेब सगळे आकडे हाताशी असतात तिथेच, यादी सोपवण्याआधी उरकावा.

सगळ्यात अवघड जागा रिकाम्या यादीची. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथा लासलगावात वर्षानुवर्षं होती. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, तेव्हाही जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. अशा दिवशी दराच्या जागी शून्य पाठवलं तर आलेखात भाव कोसळलेला दिसतो. यादीच्या जागी नल पाठवलं तर अनेक भाषांत लूप तिथेच अडतो. रिकामी लिस्ट पाठवली तर पान शाबूत राहतं, पण लिलाव झालाच नाही की झाला आणि नोंद पोहोचली नाही, हे वाचकाला कळत नाही. पहिल्या वेळी घरी थांबणं शहाणपणाचं, दुसऱ्या वेळी फोन करून विचारणं. म्हणून यादीसोबत तिची स्थितीही गेली पाहिजे: बाजार बंद आहे, नोंद बाकी आहे, की आकडे अमुक वाजेपर्यंतचे आहेत.

दिलेली यादीही तयार असायला हवी. पन्नास ओळी पाठवल्या आणि प्रत्येक ओळीतलं बाजाराचं नाव टेम्प्लेटने ऐनवेळी डेटाबेसकडे मागितलं, तर एका क्वेरीच्या ५१ होतात. घाईच्या वेळी हजारो लोक तेच पान उघडतात, तेव्हा सर्व्हर याच्याच ओझ्याने दमतो. नावं आधीच जोडून घेतली तर हे टळतं.

मग सगळंच पाठवून मोकळं का होऊ नये? कारण पूर्ण रेकॉर्डमध्ये विक्रेत्याचा मोबाइल नंबर आणि बँक खातंही असू शकतं, आणि ब्राउझरपर्यंत पोहोचलेली माहिती पडद्यावर छापली नाही तरी कोणीही काढून वाचू शकतं. निवड टळत नाही. आपण काय ठेवलं, काय गाळलं आणि का, हे निवड करणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

ही जबाबदारी सद्भावनेवर सोडू नये. तिच्या टेस्ट लिहाव्यात: एकाच बाजारात दोन जाती, बंद असलेला दिवस, अर्धीच आलेली नोंद. भरलेल्या यादीवर पान चालतं एवढं पाहून काम संपवणाऱ्याने सोपे दिवस तेवढे तपासलेले असतात. शेतकऱ्याला दर सर्वांत जास्त लागतो तो अडचणीच्या दिवशी, आणि प्रोग्रामही त्याच दिवसासाठी लिहायचा असतो.