मुलाचें गाऱ्हाणें कोणाकडे न्यावें?

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें २३ : ११–२४



प्रेषित पौल यरुशलेमांतील गढींत कैदेंत असतां चाळिसांहून अधिक मनुष्यांनीं त्याचा प्राण घेण्याचा कट केला. पौलास ठार करीपर्यंत अन्नपाणी घ्यावयाचें नाहीं, अशी शपथ त्यांनीं वाहिली व आपला बेत मुख्य याजक आणि वडील ह्यांस जाऊन सांगितला. त्या धर्मपुढाऱ्यांपैकीं एकानेंही निषेध केल्याचें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. परंतु पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानीं ही मसलत गेली. तो गढींत शिरला व त्यानें मामाला सर्व हकीकत कळविली.

आतां पौलानें काय केलें तें पाहा. तूं अजून पोर आहेस, मोठ्यांच्या भानगडींत पडूं नकोस, असें तो म्हणाला नाहीं. हे आपल्याच समाजाचे वडील, परक्या सरकारापुढें त्यांची अब्रू कां घालवावी, असेंही तो म्हणाला नाहीं. आदल्याच रात्रीं प्रभूनें त्याच्याजवळ उभें राहून त्यास धीर दिला होता. तरी आतां केवळ प्रार्थना करूं आणि स्वस्थ बसूं, असा त्या अभिवचनाचा अर्थ त्यानें केला नाहीं. त्यानें शताधिपतीला बोलाविलें व मुलाला सरदाराकडे पाठविलें. तो सरदार ख्रिस्ती नव्हता. तरी त्यानें त्या मुलाचा हात धरला, त्याला एकीकडे नेलें, एकांतांत त्याचें म्हणणें ऐकून घेतलें, व ही गोष्ट बाहेर बोलूं नको अशी ताकीद दिली. त्याच रात्रीं फौज निघाली आणि पौलाचा जीव वांचला.

हा पाठ आज आपल्यापुढें ठेवण्याचें कारण बोलण्यास जड आहे. पण तें बोलणें प्राप्त आहे. एखादा मोठा मनुष्य लहान मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार करितो. तो मनुष्य कधीं नातेवाईक असतो, कधीं शिक्षक, कधीं वसतिगृहाचा रखवालदार. आणि कधीं, अत्यंत लाजेची गोष्ट, मंडळीचा पंच, उपदेशक किंवा पाळकही असतो. मूल धीर करून आईला किंवा बायबलबाईला सांगतें. ती गोष्ट पाळकाकडे येते. मग पंच बसतात. घरची गोष्ट घरांतच मिटवावी, असें ठरतें. अपराध्याकडून माफी वदवून घेतात, कांहीं रक्कम ठरवितात, फार झालें तर त्याला दुसऱ्या गांवीं पाठवितात. आणि कोठें कोठें तर त्या मुलीचें त्याच्याशींच लग्न लावून देण्याची गोष्ट निघते. बंधूंनो, ह्याला न्याय म्हणत नाहींत. पौलाच्या भाच्याला गढीच्या दारावरून परत पाठवावें, तशी ही गोष्ट आहे.

असें करणारे पुष्कळदां शास्त्राचा आधार देतात. मत्तय १८ व्या अध्यायांत भावाचा अपराध एकांतांत त्याच्या पदरीं घालावा, मग दोघांतिघांस घेऊन जावें, मग मंडळीस कळवावें, असें प्रभूनें शिकविलें आहे खरें. परंतु तोच अध्याय आरंभापासून वाचा. प्रभूनें प्रथम एका बालकाला मध्यें उभें केलें, आणि अशा लहानांतील एकाला जो अडखळवितो त्याच्याविषयीं जात्याची तळी व खोल समुद्र ह्यांचे भयंकर शब्द उच्चारिले. त्यानंतर भावाभावांतील अपराधाचा नियम सांगितला. ज्या मुलावर बळजोरी झाली त्यानें एकट्यानें जाऊन बळजोरी करणाऱ्याची समजूत घालावी, असा अर्थ त्या वचनांतून काढणें म्हणजे त्या बालकाला मध्यांतून उचलून बाहेर लोटणें होय. करिंथकरांस लिहितांना पौलानें भावाभावांचे तंटे न्यायालयांत नेण्यास मनाई केली, तेथें बोलणें क्षुल्लक व्यवहारांविषयीं आहे. रोमकरांस लिहितांना तोच पौल म्हणतो कीं, वाईट करणाऱ्यास दंड करणारा अधिकारी देवाचा सेवक आहे.

कोणी म्हणतील, त्यानें पश्चात्ताप केला आहे, मग क्षमा नको काय? वधस्तंभावरील दोन चोरांची आठवण करा. एकानें खालीं उतरण्याची मागणी केली. ज्यानें खरा पश्चात्ताप केला, त्यानें आपली शिक्षा योग्य आहे असें कबूल करून प्रभूपाशीं केवळ आठवण मागितली. खरा पश्चात्तापी न्यायापासून पळत नाहीं. आणि जें दुःख मुलानें सोसलें, त्याची क्षमा त्याच्या वतीनें देऊन टाकण्याचा अधिकार पंचांस कोणीं दिला?

दाविदाच्या घरीं तामारेवर अत्याचार झाला तेव्हां तिच्या भावानें तिला गप्प राहावयास सांगितलें, कारण अपराधी घरचाच होता. दाविदाला फार क्रोध आला. पण त्यानें केलें कांहींच नाहीं. दोन वर्षांनीं त्याच घरांत रक्त सांडलें. झांकलेली जखम बरी होत नाहीं, ती आंत चिघळते.

मंडळींतही असेंच घडतें, ह्याचा दाखला आपल्याच काळांतला आहे. इंग्लंडांत जॉन स्माइथ नांवाचा एक वकील ख्रिस्ती मुलांच्या सुटीच्या शिबिरांत पुढारी होता. पवित्रतेच्या शिकवणीच्या नांवाखालीं तो मुलांस व तरुणांस निर्दयपणें छड्या मारीत असे. १९८२ सालीं ह्या दुष्कृत्यांचा लेखी अहवाल कांहीं ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या हातीं आला. परंतु देवाच्या कार्यास धक्का बसेल ह्या भयानें तो पोलिसांकडे गेला नाहीं. १९८४ सालीं स्माइथ झिंबाब्वे देशांत गेला आणि तेथें शिबिरें भरवून तेथल्या मुलांस मारूं लागला. २०१३ सालीं इंग्लंडच्या मंडळीच्या वरिष्ठांस पुन्हां कळलें, तरी व्हावी तशी कारवाई झाली नाहीं. २०१८ सालीं, इंग्लंडांतील न्यायासनापुढें उभा राहण्यापूर्वींच, तो मरण पावला. नोव्हेंबर २०२४ मध्यें चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या हातून शंभराहून अधिक जणांचा छळ झाला, असा त्यांत अंदाज आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी ह्यांनीं पद सोडण्याचें जाहीर केलें. मंडळीचें नांव राखण्यासाठीं जी गोष्ट झांकली, तिनेंच बेचाळीस वर्षांनीं मंडळीचें नांव घालविलें. आणि मधल्या काळांत आफ्रिकेंतील लेकरांनीं त्याची किंमत भरली. अपराध्याची बदली करणें म्हणजे लांडग्याला दुसऱ्या कळपाची वाट दाखविणें.

आतां आपल्या देशाचा कायदा ऐका. बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम २०१२ सालीं झाला व त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. लोक त्याला पोक्सो म्हणतात. त्याच्या कलम १९ प्रमाणें, अठरा वर्षांखालील मुलाविरुद्ध, मग मुलगी असो कीं मुलगा, असा अपराध झाल्याचें किंवा होण्याची भीति असल्याचें ज्याला कळेल, त्या प्रत्येकानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. त्यांत पाळकास सूट नाहीं, उपदेशकास नाहीं, कानीं पडलेल्या पापकबुलीसही नाहीं. न कळविणाऱ्यास कलम २१ प्रमाणें सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. आणि हाताखालच्या मनुष्याचा अपराध लपविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंड. चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शाळेच्या वसतिगृहांत आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. तेथें प्रश्न होता तो, कळूनही न कळविल्याचा आरोप असलेल्या एका डॉक्टराचा. उच्च न्यायालयानें त्याच्यावरील खटला रद्द केला होता; सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २०२२ रोजीं तो पुन्हां उभा केला, आणि जाणून गप्प राहणें हा गंभीर अपराध आहे असें म्हटलें.

खेड्यांतील आपल्या गरीब भावांस पोलिसठाण्याची पायरी चढण्याचें भय वाटतें, हें मी जाणतों. म्हणून हेंही लक्षांत ठेवा. दिलेली माहिती लिहून घेऊन तिला क्रमांक द्यावा व ती सांगणाऱ्यास वाचून दाखवावी, अशी कायद्याची आज्ञा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणीं, शक्यतों स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां घ्यावयाचा असतो. आईबापांस किंवा मुलाचा ज्यावर भरंवसा आहे अशा माणसास जवळ बसतां येतें. मुलाला रात्रीं ठाण्यांत ठेवितां येत नाहीं. चोवीस तासांच्या आंत पोलिसांनीं बालकल्याण समितीस कळवावयाचें असतें. सद्भावानें माहिती देणाऱ्यास कायदा संरक्षण देतो. सरदारानें त्या मुलाचा हात धरला, तशीच ही तजवीज आहे. एकट्यानें जाऊं नका. दोघे तिघे मिळून मुलाच्या घरच्यांबरोबर जा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो व त्याला पैसे पडत नाहींत.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या कानीं असें गाऱ्हाणें आलें तर मुलाचें शांतपणें ऐका, व सांगितलेंस हें बरें केलेंस, एवढें त्याला म्हणा. पुन्हां पुन्हां उलटतपासणी करूं नका. त्याला अपराध्यासमोर उभें करूं नका. त्याचे कपडे धुवूं देऊं नका. आधीं पंचांची बैठक आणि मग पोलिस, असा क्रम धरूं नका. त्याच दिवशीं कळवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला शब्बाथशाळा, वसतिगृह व मुलांचें प्रत्येक काम ह्यांपासून तात्काळ दूर करा. तो दोषी आहे कीं निर्दोष, हें न्यायाधीश ठरवील. तें ठरविणें आपल्याकडे सोंपविलेलें नाहीं. आणि प्रार्थनासभेंत मुलाचें नांव घेऊं नका. नाव न घेतांही देव त्याला ओळखतो.

मग मंडळीला काम उरलें नाहीं काय? पुष्कळ उरलें आहे. खटल्याच्या तारखेस बापाची मजुरी बुडेल, तेव्हां त्याच्या घरीं धान्य कोण पोंचवील? अपराधी घरचा कर्ता असेल तर त्याच्या बायकोमुलांची चूल कोण पेटवील? त्या मुलीला विहिरीवर लोक टाकून बोलतील, तेव्हां तिच्या आईबरोबर पाण्याला कोण जाईल? येथें मंडळीची परीक्षा आहे. शेजारी हंसतील म्हणून भिऊं नका. ख्रिस्ती लोक आपल्या पंचालाही पाठीशीं घालीत नाहींत, पण त्या लेकराला सोडीत नाहींत, हें गांवानें पाहिलें तर सुवार्तेचें नांव खालीं जाणार नाहीं.

ज्या प्रभूनें बालकांस जवळ घेतलें, तो आपणांस त्यांचा हात धरून गढीपर्यंत चालत जाण्याचें धैर्य देवो. आमेन.