सोयरा

आपल्या संप्रदायात नाम हेच साधन आणि नाम हेच साध्य, हे वाचकांस आम्ही नव्याने काय सांगावे? पण ते झाले देवाचे नाम. माणसाचे नाव हीदेखील हलकी गोष्ट नव्हे. ज्याने ते ठेवले तो निघून जातो आणि ज्याला ठेवले त्याला ते सरणापर्यंत वागवावे लागते. म्हणून एका पत्राला दोन ओळींचे उत्तर न धाडता आम्ही येथे सविस्तर लिहीत आहो.

पत्र एका आजीबाईंचे आहे. घरात नात झाली. गुरुजींनी पंचांग पाहून पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे दुसरे चरण सांगितले; रास कुंभ, अक्षर 'सो'. घरची पोरे सोनल, सोनाली, सोनम अशी नावे काढू लागली. आजींनी मात्र नित्याची गाथा उघडली आणि म्हणाल्या, "सोयरा ठेवा." झाले, घरात गहजब! व्याही म्हणाले, हे कुठले नाव, याला काही अर्थ तरी आहे का? शेजारीण म्हणाली, ते कारस्थानी राणीचे नाव, नको बाई. आणि एक गृहस्थ, गळ्यात तुळशीची माळ असलेले, हळूच म्हणाले, "ते त्यांच्यातले नाव आहे." आजी विचारतात, नाव ठेवावे की ठेवू नये?

सज्जनहो, यात तिसरा आक्षेप तेवढा खरा आहे, पहिले दोन त्याच्यावरचे पांघरूण. तरी पांघरूण आधी काढू.

अर्थ नाही असे कोण म्हणतो? सोयरा हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. सोयरा म्हणजे नातलग, आणि त्यातही लग्नसंबंधाने जोडलेला. जाणते लोक याची नाळ 'सोदर' या संस्कृत शब्दाशी जोडतात. सोदर म्हणजे एका उदरातून आलेला. प्राकृतात मधला 'द' गळाला, 'य' आला आणि मराठीत सोयरा झाला. गंमत पाहा, शब्द निघाला सख्ख्या भावापासून आणि येऊन पोचला व्याह्या-जावयापर्यंत! जे रक्ताने आपले नव्हते त्यांनाही त्याने घरात घेतले. सोयरीक, सोयरसंबंध, सगेसोयरे, आणि कोणी मेल्यावर पाळतो ते सोयरसुतक, ही सगळी याचीच पिलावळ. 2024 साली आरक्षणाच्या मसुद्यात 'सगेसोयरे' कोणाला म्हणावे यावरून केवढा वाद झाला ते वाचकांस स्मरत असेलच. आणि तुकोबारायांनी तर ही सोयरीक झाडावेलींपर्यंत नेऊन ठेवली. कोणी म्हणेल, सोयरा हे पुल्लिंगी झाले, बाईला सोयरी म्हणावे. व्याकरण बरोबर आहे. पण नावाला व्याकरण कोण विचारतो? मुक्ता तशी सोयरा.

आता राणी. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राणी सोयराबाई या तळबीडच्या मोहित्यांच्या कन्या, हंबीररावांच्या भगिनी, राजाराम महाराजांच्या मातोश्री. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा पट्टराणीचा मान त्यांचा होता. 1680 साली महाराज गेल्यावर गादीवरून जे झाले आणि 1681 साली त्यांचा अंत झाला, त्याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. वसंत कानेटकरांच्या 1962 च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकापासून आजच्या चित्रपटांपर्यंत त्यांची एकच बाजू लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली, एवढे खरे. पण आमचा मुद्दा वेगळाच आहे. मोहित्यांसारख्या मानकरी घराण्यात सतराव्या शतकात मुलीचे नाव सोयरा ठेवले जात होते. त्याच्या तीनशे वर्षे आधी मंगळवेढ्याच्या महारवाड्यात चोखोबांच्या घरी हेच नाव नांदत होते. मग ते 'त्यांच्यातले' कसे झाले? नाव दोन्ही वाड्यांत होते. ते एकाच वाड्याचे कोणी केले आणि केव्हा, याचा विचार त्या माळकरी गृहस्थांनी करावा.

चोखोबांचे घर वाचकांना ठाऊक आहे. चोखोबा, पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका. हा बंका सोयराबाईंचा भाऊ, आणि निर्मळा त्याची बायको, म्हणजे साटेलोटे. एका घरची पाचही माणसे अभंग गातात. पण या घराशी सोयरीक करणार कोण? घराबाहेर सगळीच दारे बंद. पाणवठा बंद, देऊळ बंद. मेलेले ढोर ओढावे आणि वेशीबाहेर राहावे.

येथे थोडे थांबून विचार करावा. अशा घरातल्या बाईचे नाव सोयरा. ज्याला तिची सावली नको होती, त्यालाही काही सांगायचे झाले तर तिला हाक मारावी लागे, आणि हाक मारताच तोंडातून 'नातलग' हाच शब्द निघे! आईबापांनी काय मनात धरून हे नाव ठेवले ते गाथेत नाही. पण विटाळ मानणाऱ्याच्या जिभेवर नाते आणून बसवणारे असे दुसरे नाव आम्हांस सापडत नाही.

तिच्या आयुष्यात हा शब्द खरा कोणी केला, तर पांडुरंगाने. ती कथा किती जणांनी कीर्तनात ऐकली असेल. सोयराबाईंचे दिवस भरत आले आणि चोखोबा घर सोडून बहिणीच्या गावी मेहुण्याला निघून गेले. घरात दाणा नाही, जवळ बाईमाणूस नाही आणि वेणा सुरू झाल्या. तेव्हा विठ्ठल नणंदेचे, म्हणजे निर्मळेचे रूप घेऊन दारात आला. त्याने बाळंतपण काढले, न्हाऊमाखू घातले, शेकशेगडी केली. आपण ऐकतो आणि देवाची थोरवी म्हणून टाळी वाजवतो. पण देवाने रूप कोणते घेतले ते पाहावे. राजाचे नाही, साधूचेही नाही. त्याने सोयऱ्याचे रूप घेतले. महारवाड्यातल्या खोपटात तो भावजयीची नणंद झाला. आणि बाळंतपणाच्या विटाळापुढे सोवळे किती टिकते ते बायकांना सांगायला नको! इकडे निर्मळेने भावाला चांगले खडसावले, बायकोला अशा वेळी टाकून आलास कसा म्हणून. तीही संतच, पण आधी नणंद.

सोयराबाईंचे साठेक अभंग आज मिळतात. त्यांत एके ठिकाणी त्या सरळ विचारतात की देह जर विटाळातूनच जन्मतो, तर सोवळा देह आणायचा कोठून? चौदाव्या शतकातल्या बाईचा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले आमच्या ऐकिवात नाही. आणखी एक गोष्ट पाहा. जनाबाई स्वतःला नामदेवांची म्हणवते, तरी त्यात जनी हे नाव राहते. सोयराबाई मात्र बहुतेक अभंगांच्या शेवटी स्वतःचे नाव घालतच नाहीत. चोख्याची महारी एवढीच ओळख देतात. नवऱ्याचे नाव आले, जात आली, सोयरा राहून गेली. ज्या नावाने देव आला ते नाव तिने स्वतः क्वचितच घेतले. मग ते घ्यायचे कोणी?

आपण घेतले का? आपल्या दिंडीत 'मुक्ता' म्हणून हाक मारावी, चार माना वळतात. 'सोयरा' म्हणून मारून पाहावी. तिचा सगळे रंग एक झाल्याचा अभंग किशोरीताई आमोणकरांच्या कंठातून घरोघर पोचला, लोक डोळे मिटून ऐकतात; पण तो कोणाचा असे विचारले तर निम्मे लोक चोखोबांचा म्हणतात आणि उरलेले तुकोबांचा. अभंग चालतो, नाव चालत नाही. महाद्वारातल्या चोखोबांच्या समाधीवर माथा टेकायचा आणि त्याच घरच्या लेकीचे नाव आपल्या पाळण्यात नको, याला काय म्हणावे? पंढरीचे देऊळ सर्वांना उघडे व्हायला 1947 साल उजाडावे लागले, आणि तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. दार उघडायला जर इतकी शतके गेली, तर पाळण्याला आणखी थोडी लागतील असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. देवळाच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या हातात होत्या. पाळण्याची दोरी आपल्याच हातात आहे.

तेव्हा आजीबाईंना आमचे सांगणे, नाव अवश्य ठेवावे. घरात सोयरू म्हणा, सोयरे म्हणा, कागदावर सोयराच लिहा. व्याह्यांना समजवावे, सोयऱ्यानेच सोयरा नावाला नाही म्हणावे हे बरे दिसत नाही. आणि बारशाचे बोलावणे गावातल्या सगळ्या आळ्यांत धाडावे. पाळण्याखालून मूल द्यायला-घ्यायला दोन्ही बाजूंना बाया लागतात. एका बाजूला घरच्या असाव्या, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या घरी आजवर बोलावणे गेले नाही त्या.