रोगासाठी जन्मास घातलेले उंदीर

उंदीर हा आमच्या घरांतला जुना चोर. त्याला सापळ्यात धरताना कोणाही गृहस्थाच्या मनास टोचणी लागत नाही. मग प्रयोगशाळेतील उंदरांविषयी न्यायान्यायाचा प्रश्न काढणे पुष्कळांस हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या उंदरांविषयी आम्ही लिहीत आहोत ते चोर नव्हेत. किंबहुना आज आहेत तसे ते निसर्गाने निर्मिलेलेही नव्हेत.

उतारवयातील पुरुषांस प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पुष्कळ होतो. उंदरास तो आपण होऊन क्वचितच होतो. म्हणून १९९५ च्या सुमारास अमेरिकेत ‘ट्रॅम्प’ नावाचा उंदरांचा एक वंश तयार करण्यात आला. माकडांच्या एका विषाणूतील अर्बुदकारी जीन त्यांच्या बीजातच घालून, तो मुख्यत्वे प्रोस्टेटमध्ये जागा व्हावा अशी योजना केली. या वंशातील जवळजवळ प्रत्येक नर वयात आल्यावर त्या रोगास बळी पडतो. डीएनए-लसींची परीक्षा अशा उंदरांवर होते. लसीत ग्रंथीतील एखाद्या प्रथिनाची कृती लिहिलेली असते. शरीर ते प्रथिन स्वतः बनवते, आणि रक्षक पेशींनी ते ओळखून रोगट ग्रंथीवर चालून जावे, अशी अपेक्षा असते. अडचण एवढीच, की ते प्रथिन शरीराला आपले वाटते, आणि घरच्यावर शस्त्र उगारण्यास रक्षक सहसा राजी नसतात.

उंदीर मेला तर मरो, माणूस वाचला, असे म्हणणाऱ्यांचा हिशेब आम्हांस तितका सरळ दिसत नाही. प्राण्यांवर आशादायक ठरलेली अशीच एक डीएनए-लस विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी सुमारे शंभर रुग्णांवर पारखली. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोग इतरत्र पसरण्याचा काळ एकंदरीत लांबला नाही. म्हणजे किंमत रोख दिली गेली, माल मात्र हाती आला नाही; आणि किंमत देणारा व माल घेणारा एक नव्हता, हे तर आहेच.

यावर कोणी हाफकिन यांचे नाव घेईल. त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ते धैर्य वंदनीय खरे. पण त्याने लस सोसते एवढेच कळले, रोग टळतो की नाही हे नव्हे. ते जाणण्यास रोगी शरीर हवे, आणि उंदीर नको म्हटल्यास ते माणसाचेच असणार. शिवाय आम्ही या व्यवहारात तिऱ्हाईतही नाही. १९९० साली उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला असता तेथे प्रथिन तयार झाले. त्याच वाटेने पुढे जाऊन अहमदाबादेस बनलेल्या कोविडवरील डीएनए-लसीस २०२१ च्या ऑगस्टात आपल्या देशात आपत्कालीन मंजुरी मिळाली.

तेव्हा प्रयोग बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याला आपणच रोगी म्हणून जन्मास घातले, त्याचे देणे सापळ्यातील उंदराहून अधिक आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच सांगून ठेवले, की शक्य तेथे प्राण्याचा पर्याय शोधावा, संख्या घटवावी, यातना कमी कराव्यात. आम्ही त्यांत एक गोष्ट आग्रहाने जोडू: फसलेला प्रयोगही छापला जावा. तो कपाटात पडून राहिला, तर दुसऱ्या एखाद्या शहरात त्याच प्रश्नासाठी उंदरांची आणखी एक पिढी वाढवली जाईल.