काळाच्या मापातील पाप



एक सेकंद किती अचूक मोजता येईल, याचाच ध्यास घेतलेली काही माणसे या जगात आहेत. ती व्यवसायाने घड्याळजी नसतात; हा त्यांचा फावल्या वेळेचा छंद असतो. जुन्या मोबाइल मनोऱ्यांतून काढलेली रुबिडियमची यंत्रे, प्रयोगशाळांनी मोडीत काढलेली सिझियमची घड्याळे ती विकत घेतात आणि घरात रात्रंदिवस चालू ठेवतात. २००५ साली अमेरिकेतील अशा एका छांदिष्ट गृहस्थाने तीन सिझियम घड्याळे मोटारीत चढवली, आपल्या मुलांना सोबत घेतले आणि माउंट रेनियर पर्वतावर दोन दिवस मुक्काम केला. उंचावर गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव किंचित कमी असतो आणि म्हणून तेथे काळ किंचित वेगाने चालतो, हे त्यांना मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे होते. परतल्यावर घरच्या घड्याळांशी ताडून पाहिले, तेव्हा पर्वतावर जाऊन आलेली घड्याळे सुमारे २२ नॅनोसेकंदांनी पुढे होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश. एवढ्या अवधीत प्रकाशही शाळकरी मुलाच्या पट्टीएवढेच, म्हणजे ३० सेंटिमीटर अंतर कापतो.

हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. पुढे लाज वाटली. तिचे कारण यथावकाश सांगतो.

काळाचे सूक्ष्म मापन आपल्या परंपरेला परके नाही. नमाजच्या वेळा सूर्याच्या स्थितीशी बांधलेल्या असल्यामुळे मध्ययुगात मोठ्या मशिदींमध्ये ‘मुवक्कित’ म्हणजे वेळ ठरविणारा विद्वान नेमला जात असे. दमास्कसच्या उमवी मशिदीचे मुवक्कित इब्नुश्शातिर हे त्यांच्या काळातील श्रेष्ठ खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी हिजरी ७७३ मध्ये, म्हणजे इ. स. १३७१-७२ च्या सुमारास, मशिदीच्या मिनारावर संगमरवराची सुमारे दोन मीटर लांबीची छायाघटिका बसविली. सावली किती लांब झाली म्हणजे असरची वेळ सुरू होते, याबाबत आपल्या कोकणातील शाफई बांधव आणि देशावरील हनफी बांधव यांच्यात आजही फरक आहे. मात्र सावली मोजली पाहिजे, याविषयी कोणाचेही दुमत नाही.

या छांदिष्टांची एक रीत मला फार मोलाची वाटते. ‘माझे घड्याळ बरोबर आहे’ असे ते म्हणत नाहीत. घड्याळ किती चुकते आणि ती चूक एकसारखी आहे काय, एवढेच ते विचारतात. आपल्या मनगटावरील साध्या घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तरीही महिन्याकाठी ते दहा-पंधरा सेकंद मागेपुढे होते. रोज नेमके दोन सेकंद पुढे जाणारे घड्याळ विश्वासार्ह, कारण तेवढे वजा करता येतात. आज पुढे, उद्या मागे जाणाऱ्या घड्याळाचे काय करावे? सातत्याने केलेले थोडे कर्मही अल्लाहला अधिक प्रिय असते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण येथे सहज आठवते.

त्यांच्या घरी आणखी एक सुंदर योजना असते. उत्तम स्फटिक क्षणाक्षणाला अगदी स्थिर चालतो, परंतु महिन्यांच्या ओघात हळूहळू भरकटतो. उपग्रहाकडून येणारा सेकंदाचा ठोका क्षणोक्षणी थोडा डळमळतो, पण दीर्घकाळात तो भरकटत नाही. म्हणून स्फटिकाला उपग्रहाच्या अधीन करतात आणि त्याची चाल धक्का न देता, कणाकणाने सुधारत राहतात. स्फटिक कितीही उंची असला, तरी त्याला स्वतःची भरकट स्वतःहून कळत नाही.

आता लाजेचे कारण. सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये अल्लाहने अशा लोकांना कठोर इशारा दिला आहे, जे घेताना माप पुरेपूर भरून घेतात आणि देताना कमी देतात. या विषयावर मी अनेकदा बोललो आहे आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे वाणी, दूधवाला आणि कापडवालाच उभा राहिला. आमची मशीद औद्योगिक वसाहतीजवळ आहे. जुम्याला येणाऱ्यांत कामगार पुष्कळ. अरबी खुत्ब्यापूर्वी मी मराठीत बयान करतो. नमाज दोन वाजता संपेल असे फलकावर लिहिलेले असते. एका जुम्याला मी रंगात आलो आणि नमाज बारा मिनिटे उशिरा संपली. कंत्राटी कामावरील एका तरुणाची त्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. ही गोष्ट त्याने नव्हे, त्याच्या सोबत्याने मला सांगितली. मी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मौलाना, बयान चांगलं असतं तुमचं. पण दोन वाजत आले की कान तुमच्याकडे आणि डोळे घड्याळाकडे.”

नमाज आटोपशीर घ्यावी, कारण मागे दुर्बल, वृद्ध आणि कामाची निकड असलेले लोक उभे असतात, हा इमामांना दिलेला प्रेषितांचा (स.) आदेश मी मदरशात मुखोद्गत केला होता. खुत्बा थोडका असणे हे समज असल्याचे लक्षण आहे, हेही शिकलो होतो. तरी धर्माच्या कामात गेलेल्या वेळेचा हिशेब नसतो, अशी माझी सोयीस्कर समजूत होती. परंतु तो वेळ माझा नव्हताच. तो त्या तरुणाचा होता, त्याच्या घरच्या पिठामिठाचा होता. बंद्याचा हक्क त्या बंद्यानेच माफ करावा लागतो. मी मजुरीची रक्कम त्याच्यापुढे ठेवली. त्याने आढेवेढे न घेता ती घेतली, याने मला मोठा दिलासा मिळाला.

त्यानंतर त्या छांदिष्टांप्रमाणे मीही एक वही केली. बारा जुमे फक्त मोजले, सुधारणा काहीच केली नाही. सरासरी नऊ मिनिटे जास्त. वेळेआधी संपल्याची नोंद एकही नाही. माझी चूक एकसारखी होती, म्हणजेच वजा करण्याजोगी होती. मग दर जुम्याला एकेक मिनिट कमी करीत गेलो. मिंबरासमोरच्या भिंतीवर, मला दिसेल असे घड्याळ लावून घेतले आणि त्याची चूकही दर गुरुवारी तपासतो. गेल्या जुम्याच्या नोंदीत चाळीस सेकंद आहेत, तेही जास्तीचेच.