आश्वासनाच्या पायऱ्या

सर्वांस समान लेखावे, हा न्यायाचा पहिला धडा आपण बालपणीच शिकतो. परंतु ज्याची शक्ती मोजकी आहे आणि ज्याच्या दारी येणारे पुष्कळ आहेत, त्याने काय करावे? सर्वांना सारखे वचन द्यावे आणि जमेल तेवढे पाळावे, की ज्याला जेवढे देता येईल तेवढेच त्याला स्पष्ट सांगावे? गुरुविद्यालयात नीतिशास्त्राच्या तासाला हा प्रश्न आम्ही अनेकदा चर्चिला होता. अलीकडे तो आम्हांस संगणकाच्या जगात पुन्हा भेटला, आणि तेथे त्याचे दिलेले उत्तर आम्हांस विचार करण्याजोगे वाटले.

संगणकाचे सारे अवयव ज्या मूळ कार्यप्रणालीच्या आधारे चालतात तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. काही प्रणाली कंपन्या विकतात. काही मात्र जगभरचे स्वयंसेवक मिळून घडवितात, आणि त्यांची घडण सर्वांना पाहता, वापरता व बदलता येते. १९९३ साली सुरू झालेली 'फ्रीबीएसडी' ही अशीच एक मुक्त प्रणाली. अडचण अशी की, प्रोसेसरच्या जाती अनेक आणि प्रत्येक जातीची यंत्रभाषा निराळी. एका जातीवर चालणारी प्रणाली दुसरीवर चालवायची तर ती वेगळी सिद्ध करावी लागते, तपासावी लागते. सुरक्षेतील एखादे छिद्र सापडले की ते प्रत्येक जातीसाठी बुजवावे लागते. हे सारे करणारी माणसे थोडी असतात.

म्हणून फ्रीबीएसडीने आपल्या आश्वासनाच्या चार श्रेणी ठरविल्या. पहिल्या श्रेणीतील यंत्रांना पूर्ण वचन: तयार प्रती, सुरक्षेच्या दुरुस्त्या, वेळेवर नवी आवृत्ती. दुसऱ्या श्रेणीत प्रणाली चालते, परंतु सर्व गोष्टींची हमी नाही. तिसरी श्रेणी प्रयोगाची. चौथीत कोणताच आधार नाही. श्रेणी बदलण्याचा अधिकार सभासदांनी निवडून दिलेल्या मध्यवर्ती मंडळाला आहे. त्याने सुरक्षा व प्रकाशन पाहणाऱ्यांशी विचारविनिमय करूनच तो वापरावयाचा असतो. विशेष म्हणजे, कोणतेही यंत्र पहिल्या श्रेणीत चढविण्यापूर्वी त्या श्रेणीची सर्व वचने आधी पुरी झालेली असावी लागतात.

२०२१ साली या प्रणालीची तेरावी आवृत्ती आली तेव्हा दोन बदल एकदमच झाले. मोबाईलमधील प्रोसेसरांच्या कुळातील 'एआरएम-६४' ही जात पहिल्या श्रेणीत चढली. आणि १९८५ च्या इंटेल प्रोसेसरपासून चालत आलेली, एकेकाळी घरोघरच्या संगणकांत असलेली ३२ बिटांची 'आय-३८६' ही जात दुसऱ्या श्रेणीत उतरली. कारणे खरी होती. तिच्यावरील एका कार्यक्रमाला चार गिगाबाइटपलीकडची स्मृती एका वेळी हाताळता येत नाही, त्यामुळे आजची अवजड सॉफ्टवेअर्स तिच्यावर सिद्ध करणेही दुष्कर होते. शिवाय या प्रणालीत तिची कालगणनाही ३२ बिटांची. ती १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. अखेर २०२५ च्या डिसेंबरात आलेल्या पंधराव्या आवृत्तीत या जातीची यंत्रे वगळली गेली. तरीही चौदाव्या आवृत्तीची शाखा नोव्हेंबर २०२८ पर्यंत सांभाळण्याचे वचन दिलेले आहे. म्हणजे खालची पायरी दाखविल्यापासून दार मिटेपर्यंत सात वर्षांहून अधिक अवधी दिला गेला.

यावर आक्षेप निघेल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. जुनी यंत्रे कोणाकडे उरतात? ज्याला नवे परवडत नाही त्याच्याकडे. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' या १९८८ साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने 'बॉस' ही भारतीय भाषांना आधार देणारी प्रणाली निर्माण केली. मराठीही तिच्यात आहे. ही प्रणाली 'डेबियन' या स्वयंसेवकांच्या मुक्त प्रणालीवर उभी आहे. त्या डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटांच्या त्याच जुन्या जातीच्या यंत्रांवर नवी स्थापना करण्याची सोय काढून घेतली. दूरच्या स्वयंसेवकांचा निर्णय असा पायरीपायरीने आमच्या मराठवाड्यातील शाळेच्या खोलीपर्यंत पोहोचू शकतो. डेबियनमध्ये वापर मोजण्याची एक ऐच्छिक व्यवस्था आहे. पण ज्याच्या संगणकाला इंटरनेटच नाही त्याची नोंद तीत कशी होणार? दरिद्री माणूस बहुधा मोजणीतूनच निसटतो, आणि मग मोजणीच्या आधारे केलेला निर्णय कितीही निःपक्षपाती असला तरी त्याच्या वाट्याला पक्षपातच येतो.

याच डेबियनच्या इतिहासात एक प्रसंग आहे. २००५ च्या मार्चमध्ये व्हँकूव्हर येथील बैठकीनंतर असा प्रस्ताव पुढे आला की, त्या वेळच्या अकरा जातींपैकी चारच मुख्य प्रकाशनात ठेवाव्यात. उरलेल्यांसाठी जे वेगळे भांडार सुचविले त्याच्या नावातच 'दुय्यम नागरिक' असा शब्दप्रयोग होता. मोठे वादळ उठले आणि प्रस्ताव त्या रूपात अमलात आला नाही. तथापि २००७ च्या आवृत्तीत मोटोरोला ६८००० कुळाची जुनी जात गळलीच. तिची यंत्रे इतकी मंद की नव्या कामाचा वेग त्यांना गाठता येईना. पण तिच्यावर प्रेम करणाऱ्या मोजक्या मंडळींनी ती अनधिकृत शाखा म्हणून आजवर जिवंत ठेवली आहे. आम्हांस वाटते, लोकांना खरी जखम झाली ती त्या नावाची. शक्ती कमी आहे हे माणूस समजून घेतो. आपली किंमत कमी आहे हे ऐकून घेणे त्याला जड जाते.

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात असाच पेच आहे. ग्रीकभाषी विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते, अशी कुरकुर उठली. बारा जणांनी सर्वच काम आपण करू असे खोटे वचन दिले नाही. कुरकुर करणाऱ्यांना गप्पही बसविले नाही. मंडळीनेच सात माणसे निवडावीत असे सांगितले, आणि निवडलेल्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांचीच माणसे वाटपाला बसली. एखाद्या जातीच्या यंत्राला आधार हवा तर तिला सांभाळणारी माणसे पुढे यावीत, या मुक्त प्रणालींच्या अपेक्षेत आम्हांस त्याच शहाणपणाची छाया दिसते. मात्र तेथे एक भेद विसरून चालणार नाही: माणसे पुढे यावीत म्हणून त्यांना आधी शिकवावे लागते, आणि शिकविण्याचे ऋण बलवानांवर असते.

हे सारे आम्ही तटस्थपणे लिहीत आहोत असे नाही. आमचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला; त्याचा विस्तार मोठा आणि धर्मगुरू थोडे. परभणी जिल्ह्यातील एका लहान वस्तीला आम्ही दर रविवारी मिस्सा अर्पण करण्यास येण्याचे वचन देऊन बसलो होतो. देताना मन उदार झाले होते. पाळताना कधी अंत्यविधी आडवा आला, कधी पावसाने ओढा. एके दिवशी एक म्हातारी मजूर बाई आम्हांस म्हणाली, "फादर, येणार नसलात तर तसं कळवा. तुमची वाट बघत बसते अन् माझा रोज बुडतो." आमच्या उदारतेची किंमत आम्ही नव्हे, ती देत होती, हे त्या दिवसापर्यंत आमच्या ध्यानीही आले नव्हते.

पुढे आम्ही महिन्याचा पहिला रविवार ठरविला आणि तो चुकविला नाही. उरलेल्या रविवारी शास्त्रवाचन व प्रार्थना चालविण्यास त्याच वस्तीतील दोघांना तयार केले. वचन लहान झाले, पण त्यावर विसंबून दिवस आखता येऊ लागला. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. आणि नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधीत जाणाऱ्या मेंढपाळाची कथाही त्यानेच सांगितली आहे. हिशेब वचन देण्यासाठी करावयाचा; प्रीती थांबविण्यासाठी नव्हे. त्या वस्तीतून अधूनमधून निरोप येतो, कोणी आजारी आहे, या. तेव्हा तो पहिला रविवार नसतो, आणि आम्ही जातो.