तिलांजलीनंतरचा युधिष्ठिर

गीता म्हटली की अर्जुनाचा विषाद आठवतो. अंगाला कंप सुटतो, गांडीव हातातून निसटू लागतं आणि अठरा अध्यायांनंतर तो लढायला उभा राहतो. महाभारत मात्र तिथं थांबत नाही. युद्ध जिंकून झालेलं असतं, गंगेकाठी मृतांना तिलांजली द्यायची वेळ येते तेव्हा कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिर कोसळतो. राज्य नको, वनात जातो, म्हणतो. भाऊ समजावतात, द्रौपदी रागावते, कृष्ण आणि व्यास बोलतात. शेवटी शरपंजरी पडलेल्या भीष्मांपुढे त्याला बसवतात. लढाईआधीच्या शंकेला सातशे श्लोक पुरले, लढाईनंतरच्या दुःखाला शांतिपर्व लागलं. सगळ्या पर्वांत तेच मोठं.

युद्ध धर्माचं होतं, मग मन निवत का नाही?

हा प्रश्न पायदळाच्या जवानाला सर्वांत जवळून भिडतो. तोफेचा गोळा कोसांवर जाऊन पडतो. पायदळवाल्याला पुष्कळदा समोरच्याचा चेहरा दिसतो, आणि शेजारी पडलेल्या सोबत्याला उचलायचंही त्यालाच असतं.

1915 साली चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’वर, म्हणजे लढाईत मोडलेल्या सैनिकांच्या अवस्थेवर, लिहिलं, तेव्हा तिचं कारण तोफगोळ्याच्या हादऱ्यात शोधलं जात होतं. त्याच पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या 306 सैनिकांना माफी मिळाली ती 2006 मध्ये. त्यांतल्या काहींची मनं खंदकातच मोडली होती. पुढे व्हिएतनामहून परतलेल्यांवर उपचार करताना जोनाथन शे यांना भीतीपलीकडची एक जखम दिसली: जिवावरच्या प्रसंगी वरिष्ठांनीच न्यायाशी प्रतारणा केल्याची. नंतरच्या अभ्यासकांनी त्यात स्वतःच्या हातून घडलेलंही धरलं. तिला नाव पडलं नैतिक इजा.

जुन्या धर्मव्यवस्थेला ही जखम ओळखीची होती. 1066 मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकलेल्या नॉर्मन सैनिकांना चर्चनं प्रायश्चित्त सांगितलं: मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. आपल्या बाणानं किती मेले हे तिरंदाजाला कसं कळणार? त्याच्यासाठी वेगळा नियम केला. जिंकलेल्या बाजूच्या माणसांसाठीची ही तजवीज! व्यासांनीही युधिष्ठिराला ‘तू निर्दोष आहेस’ एवढंच सांगून सोडलं नाही. अश्वमेध करायला लावला. केलेलं योग्य असलं तरी ते फेडावं लागतं, हे दोन्हीकडे गृहीत आहे, आणि त्यात सैनिकाच्या मनाची खरी कदर आहे.

आपल्याकडे मयताला जाऊन आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात वावरत नाही. मग रणातून परतलेल्याचं काय? सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्या 46 जणांचं स्मारक आहे. परतलेल्यांच्या रात्रींची नोंद कुठं सापडायची? आजही सीमेवरून सुट्टीवर आलेल्या जवानावरून उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पाय धुवायला पाणी देतात, आणि चहा होईतो शेजारी विचारतात, “काय, बरं चाललंय ना तिकडं?” तो “हो” म्हणतो.